खांब चुकवून

माझा थोरला भाऊ, दादा, गेला त्याला आता महिना होऊन गेला. गावातल्या साप्ताहिकात त्याच्यावर मजकूर आला, त्यात त्याला ‘स्त्रियांचा कैवारी’ म्हटलंय. वाचून मला हसू आवरेना. समाचाराला आलेल्या बायकांना वाटलं, मी हुंदका दाबतेय... त्यांनी मला पाणी आणून दिलं. गेला त्या दिवशी त्याला उचलण्याआधी सगळ्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मी ठेवलं नाही. कुणी का म्हणून विचारलंही नाही. विधवा बहिणीकडे अशा वेळी कोण बघतो?

नवरा गेल्यावर मी दादाकडेच राहायला आले. दादा वकील, पण अशिलांपेक्षा गोऱ्या साहेबांवर त्याची भक्ती जास्त. सरकारी वकील व्हायचं हा एकच ध्यास, आणि त्यासाठी साहेबाच्या बंगल्यावर नाचता आलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. एकदा मुंबईहून बोटीने येताना तो ग्रामोफोन घेऊन आला, सोबत टँगो नावाच्या विलायती नाचाच्या तबकड्या. हा नाच त्याने मुंबईच्या एका हॉटेलात कुंडीआड उभं राहून पाहिला होता. तेवढ्या शिदोरीवर तो गुरू झाला. “माझा भात चुलीवर आहे हो,” म्हणून वहिनींनी अंग काढून घेतलं. उरले मी.

टँगोत बाईने करायचं काय, तर उलटं चालायचं. पुरुष समोर बघत पुढे येतो, बाई न बघता मागे मागे जाते. “अगो यमे, तू काही करू नकोस. मी नेतो तशी ये,” दादा म्हणाला. “तेवढंच तर करत आल्ये जन्मभर,” मी म्हटलं. आमच्या माजघरात मधोमध सागवानी खांब, जमीन शेणाने सारवलेली, आणि त्यावर हा बूट घालून. टाच फिरली की पोपडे उडत आणि वहिनी पुन्हा सारवत बसत. ठेका त्याला कळत नसे. तबकडी एकीकडे, हा भलतीकडे. सारखा त्याचा बूट माझ्या बोटांवर, माझा पाय त्याच्या नडगीवर. पाय लागला की मी थांबून वाकायची, त्याच्या पायाला हात लावून डोळ्यांना लावायची. मोठ्या भावाला पाय लागल्यावर दुसरं काय करणार? एकदा उठताना माझं डोकं त्याच्या हनुवटीवर आदळलं आणि त्याने जीभ चावून घेतली. “मडमा असा नमस्कार घालतात काय गो? अडाणी कुठली!” आणि त्याचा बूट मला लागला की तोही नकळत वाकायचा, मग माझ्यावरच डाफरायचा.

तरीही तो नाच मला आवडला. नवरा गेल्यापासून माझं अंग म्हणजे पाणी भरायचं आणि केर काढायचं साधन झालं होतं. ती तबकडी लागली की मात्र पाय आपोआप मागे जात, पाठीवरच्या हाताचा नुसता कल कळला की वळत. दादाने कबूल केलं होतं, बंगल्यावर तुलाच नेईन. तिथे लाकडी जमीन आहे म्हणे. त्या जमिनीवर एकदा नाचायचं, एवढंच मला हवं होतं.

नाचाच्या दिवशी मी ठेवणीतलं पातळ नेसून ओटीवर उभी राहिले. दादा कोट झटकत बाहेर आला. “तू कुठे निघालीस? कपाळाला कुंकू नाही, लोक काय म्हणतील?” एवढं बोलून स्त्रियांचा कैवारी एकटाच निघून गेला.

पुढची हकिकत बंगल्यावरच्या खानसाम्याने मासळीबाजारात सांगितली, म्हणून दुसऱ्या दिवशी दादा उठायच्या आत गावभर झाली. साहेबाच्या मडमेबरोबर नाचताना दादाचा बूट तिच्या पावलावर पडला, आणि भर दिवाणखान्यात हा खाली वाकला, तिच्या पायाला हात लावून डोळ्यांना लावला! मडम किंचाळून मागे सरली. सरकारी वकिली दुसऱ्याच्या पदरात पडली. दोष कुणाला मिळाला हे सांगायला नकोच. ग्रामोफोन कपाटावर चढला तो दादा असेपर्यंत खाली आला नाही. मी पोटभर हसले. पण माझा नाचही त्या वाकण्यात बुडाला, त्याचा राग अजून गेलेला नाही.

परवा दुपारी वहिनी निजल्यावर मी ग्रामोफोन खाली काढला. किल्ली दिली. तबकडी खरखरली, मग सूर लागला... मी डोळे मिटून पाऊल मागे टाकलं. ठेका चुकवणारं कुणी नव्हतं, बोटांवर बूट नव्हता. म्हटलं, आता खरी नाचते. जरा मागे गेले आणि आधी टाच, मग पाठ खाडकन खांबावर आदळली.

खांब होता तिथेच होता. इतक्या दिवसांच्या त्या तालमीत तो मला एकदाही लागला नव्हता. ठेका न कळणारा, माझी बोटं चेचणारा, दिलेला शब्द न पाळणारा तो माणूस दरवेळी मला त्या खांबापासून वळवून नेत होता, आणि मला पत्ताही नव्हता.

आवाजाने जागी होऊन वहिनी दारात आल्या. मी वाकले होते, हात डोळ्यांना लावत होते.

“हे काय गो? कुणाला नमस्कार?”

“खांबाला,” मी म्हटलं. “पाय लागला.”