अर्थव्यवस्थेची पानं

नौबादच्या वाचनालयात मुलींसाठी एकच लांब टेबल होतं. तिथं आम्ही दोघी शेजारी बसायचो. ती मंठाळची, मी मुडबीची. खोलीही एकच. दोघींची तयारी सरकारी नोकरीच्या परीक्षेची. मी दोन वर्षांनी मोठी, म्हणून ती मला अक्का म्हणायची.

चालू घडामोडींच्या तिच्या तीन वह्या होत्या. एक परराष्ट्र संबंधांची, एक अर्थव्यवस्थेची, एक देशाच्या संस्कृतीची. परीक्षा कन्नडमधून, म्हणून रोज सकाळी पेपर वाचून ती कन्नडमधून टिपणं काढायची, समासात मराठीत बारीक खुलासा लिहायची. कुठल्या देशाशी कसला करार झाला, तो का झाला, आपल्या तुरीच्या भावाशी त्याचा काय संबंध, सगळं पाच ओळींत. माझी दहावी मराठी शाळेत झालेली. तीच बातमी मी दोन पानं लिहायची आणि तरी मला ती कळलेली नसायची. झेरॉक्सच्या दुकानात तिच्या वह्या पोरापोरींच्या हातांतून फिरायच्या. माझी वही कुणी कधी मागितली नाही.

तरी तोवर मी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. संस्कृतीच्या वहीत वचनं, म्हणजे कन्नड संतांची पदं, तिच्या घरची, लेणी आणि स्तूप माझ्या घरचे. आमच्याकडं बुद्धवंदना रोजची. कुठल्या स्तूपाला किती तोरणं, हे मला लहानपणापासून तोंडपाठ. मी सांगायची, ती लिहायची. एक दिवस क्लासच्या सरांनी तेच स्तूपाचं पान वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "टिपणं अशी काढायची." ती लगेच म्हणाली, "सर, हे अक्कानं सांगितलंय." सर हसले. "असू दे, लिहिलंस तर तू." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

परीक्षेला महिना राहिला आणि तिला कावीळ झाली. ती गावी गेली. जाताना म्हणाली, "अक्का, तू रोजच्या टिपणांचे फोटो पाठवशील न्हवं?"

"व्हय, पाठवते की."

पाठवलेही. परराष्ट्राचे पाठवले, संस्कृतीचे पाठवले. अर्थव्यवस्थेचे नाही पाठवले. तिला त्याच विषयात मार्क कमी पडायचे, हे मला माहीत होतं. तिनं दोनदा विचारलं, "आज अर्थव्यवस्थेचं कामून न्हाई?" मी म्हणाले, "इथं अर्थव्यवस्थेच्या पानाचा पेपरच येत न्हाई आजकाल." तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग एका रविवारी मी मंठाळला गेले. माणुसकीनं गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे ती किती अशक्त झालीय, तिचा अभ्यास होतोय का, हे मला बघायचं होतं.

ती ओसरीत बाजेवर पडलेली, डोळे हळदीसारखे पिवळे. उशाशी तिचे वडील, अप्पा, चष्मा लावून कन्नड पेपर मोठ्यानं वाचत होते. सातवी शिकलेले, शेती करणारे. परदेशी शहरांची नावं ते अडखळत वाचायचे, ती दुरुस्त करायची, मग दोघं हसायची.

"रेपो दर म्हंजे काय गं?" अप्पांनी विचारलं.

"मोठी बँक बाकीच्या बँकांना पैसे देती बघा, त्याचं व्याज."

"मग तो वाढला की आपलं पीककर्ज महाग व्हनार?"

"व्हय अप्पा, तसंच."

अप्पा ते वहीत लिहू लागले. मोठमोठी, वाकडी अक्षरं. मला बघून ते उठले आणि म्हणाले, "ये बाई, बस. तुमच्या लायब्ररीत त्या पानाचा पेपर येत न्हाई म्हनं. म्हनून मी रोज स्टँडावरून आनायलोय." त्यांनी वही माझ्यापुढं धरली. "तूबी उतरून घे. तुझं कामून बुडावं?"

माझे वडील मला दर फोनला एकच विचारायचे, किती दिवस चालणार हे, पाहुणे खोळंबलेत. त्या ओसरीत मला तिच्या अक्षराचा, हुशारीचा हेवा वाटला नाही. त्या चष्म्याचा वाटला. मी खाली मान घालून सगळी पानं उतरून घेतली.

ती परीक्षेला बसली, उभं राहायचंही त्राण नसताना. तिची निवड झाली, माझी झाली नाही. मी तिला पेढा भरवला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. पुढच्या खेपेला मीही लागले. आता ती भालकीला, मी हुमनाबादला. दोघी कारकून, पगारही सारखा.

गेल्या महिन्यात फोनवर मी तिला ती पानं मुद्दाम न पाठवल्याचं सांगून टाकलं.

"मला ठाऊक होतं अक्का. तुझी एकच वही, तू पानांवर नंबर घालतीस. फोटोत मधले नंबर गायब."

"मग तेव्हा बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलू? अप्पा रोज शेजारी बसायलते. मला तेच बरं वाटायलतं." मग म्हणाली, "त्यांना मात्र सांगू नको. ते अजून तुझी चौकशी करतेत."

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. उलट तिचा राग आला. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.