‘डबा बघतोय’ हे कोण म्हणालं

माझ्या धाकट्या बहिणीनं भयपट काढला, त्याचं नाव ‘डबा बघतोय’. पोस्टर फोनवर आलं तेव्हा मला हसू फुटलं आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. असल्या नावाचा सिनेमा बघणार कोण?

लोकांनी बघितला. मी शिकवते त्या कॉलेजात मधल्या सुट्टीत पोरं टिफिन उघडता उघडता एकमेकांना ‘डबा बघतोय’ म्हणून दचकवायला लागली. वीस वर्षं मी मराठी शिकवते, कविता लिहिते. माझी एक ओळ कधी कुणाच्या तोंडी बसली नाही.

सिनेमा संभाजीनगरात लागला तेव्हा ती मुंबईहून आली. रविवारी दुपारच्या खेळानंतर ती प्रेक्षकांशी बोलणार होती. आई उस्मानपुऱ्यात माझ्याकडेच असते, तिला घेऊन मी गेले. सिनेमा चांगला निघाला, हेच जड गेलं. एका प्रसंगाला तर मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरला.

दिवे लागल्यावर एका मुलीनं विचारलं, “हे नाव सुचलं कसं?”

“आईमुळं,” बहीण म्हणाली. “लहानपणी आम्ही सिल्लोडला राहायचो. घरात गुळाचा पत्र्याचा डबा होता. त्याची कडी निघून दोन भोकं पडलेली. मी गुळाला हात घालायला गेले की आई म्हणायची, ‘डबा बघतोय.’ मी जागच्या जागी थिजायचे. आज आई इथं आलीय!”

तिनं हात केला. आई उठली, तिनं सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या काही थांबेनात. मी माझे हात पर्सवरच ठेवले.

कारण ते आई कधीच म्हणाली नव्हती. ते मी म्हणायचे.

मी दहा वर्षांची आणि बहीण तीन वर्षांची असताना आईला जवळच्या खेड्यातल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. माझी शाळा सकाळची, तेवढा वेळ शेजारीण बहिणीला सांभाळायची; दुपारभर ती माझ्या ताब्यात. गूळ बाजाराच्या दिवसापर्यंत पुरवायचा आणि तिला मारायचं नाही, अशी आईची ताकीद होती. एका दुपारी ती डब्यापाशी घुटमळायला लागली तेव्हा मी डब्याची भोकं तिच्याकडं फिरवली आणि हळूच म्हणाले, “डबा बघतोय.” ती मागं सरली ती सरळ माझ्या मांडीत येऊन बसली. पुढं मला ते म्हणायची चटकच लागली. गूळ नको असला तरी म्हणायचे.

परतताना रिक्षात मी आईला विचारलं, “तू कधी म्हणालीस गं असं?”

“मी कुठं असायचे दुपारी घरी?”

“मग उठलीस कशाला?”

“एवढ्या माणसांत लेकरू हात करायलंय, बसून राहू व्हय?”

संध्याकाळी बहीण जेवायला आली. आईचं जेवण होईस्तोवर मी दम धरला. आई आत जाऊन आडवी झाली तेव्हा म्हणाले, “ते वाक्य माझं होतं.”

“कुठलं?”

“नाव. सिनेमाचं नाव. आई घरात नसायची. मी म्हणायचे तुला.”

ती हसली नाही, की भांडली नाही. ताटातला भात बोटानं गोळा करत राहिली. “मला आईचाच आवाज ऐकू येतो, ताई.”

“आईला विचार.”

“नको,” ती म्हणाली. “तुझंच असेल. पण मग आई मला काय म्हणायची? मला दुसरं काहीच आठवत नाही गं. तुला दहा वर्षं घरी असलेली आई मिळाली. तू तिच्या मांडीवर झोपायचीस हे मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. किती राग यायचा मला तुझा, माहितीये?”

मला माहीत नव्हतं. आजवर हेवा मीच करत आलेय असं मी धरून चालले होते. मी तिला दही वाढलं. नाव कुणाचं हा विषय त्या दिवशी तिथंच राहिला आणि ती सकाळी मुंबईला गेली.

पंधरा दिवसांनी तिच्या दुसऱ्या गावच्या खेळाचा व्हिडिओ आला. तोच प्रश्न, आणि तिचं तेच उत्तर: माझी आई म्हणायची. फक्त ‘आई’ म्हणण्याआधी ती क्षणभर थांबली. मला लागलं. अजूनही लागतं, खोटं कशाला बोलू? तरी तो व्हिडिओ मी आईला दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा बघितला.

“ती इतक्यांदा सांगायली,” आई म्हणाली, “आता मलाबी वाटायलंय, म्हणले असन मी.”