तुफान-बादलची जोडी

एरंडटोल्याचे पत्रूभाऊ लोनबले बैलाचं तोंड न उघडता त्याचं वय सांगायचे. चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यात कुणाला जोडी घ्यायची असली की तो आधी त्यांच्या दारात येऊन बसायचा. पत्रूभाऊ बैलाला पहिल्यांदा मागून बघत, मग बाजूनं, आणि शेवटी समोरून. समोरून बघणाऱ्याला बैल फसवतो, असं त्यांचं म्हणणं. खांदा, वशिंड, खूर, अंगावरचे भोवरे, सगळं बघून झालं की एक विडी ओढत आणि एकच शब्द बोलत. ‘घ्या’ नाहीतर ‘सोडा’. चाळीस वर्षांत हा शब्द चुकला नाही, असं गाव म्हणायचं. दोन-तीनदा चुकला होता, पण ते बैल परगावी गेले होते, आणि पत्रूभाऊ काही आपल्या तोंडानं सांगत फिरणार नव्हते.

जानेवारीत गावात शंकरपट भरे. बैलजोड्या धावत, धुरळा उडे आणि पंचांमधली मधली खुर्ची पत्रूभाऊंची असे. यंदा मात्र डिसेंबर सरत आला तरी पत्रूभाऊ बल्लारपुरात, मुलाच्या दोन खोल्यांत अडकून पडले होते. पावसाळ्यात धानाच्या बांधावरून घसरून पाय मुरगळला होता. बायको सीताबाईंना जाऊन दोन वर्षं झालेली, घरात पाणी द्यायला कुणी नाही, म्हणून मुलगा प्रणित त्यांना घेऊन आला. प्रणित पेपर मिलमध्ये पाळीवर जायचा. पाय दिवाळीलाच बरा झाला, पण मुलाचं आणि सुनेचं एकच पालुपद, आता इथंच राहा.

“मले एकट्यालेच बरं वाटते,” पत्रूभाऊ म्हणायचे.

मुलाला त्यांनी गुंडाळलं असतं, सुनेला पटवलं असतं. खरी अडचण होती पहिलीत जाणारी नात, रिना. पत्रूभाऊंनी पिशवी भरली की त्यांची एक चप्पल गायब व्हायची. एकदा ती पिठाच्या डब्यामागे सापडली, एकदा शेजारच्यांच्या कूलरमध्ये. नेहमी एकच चप्पल. दोन्ही लपवल्या असत्या तर म्हातारा अनवाणीही निघाला असता, पण एक पायात आणि एक बेपत्ता अशा अवस्थेत पंच गावात कसा शिरणार? पोरीचं डोकं आजोबांवरच गेलं होतं.

शेवटी तहाची बोलणी झाली. “मले हॅमस्टर आणून दे आबाजी,” रिना म्हणाली, “मंग जा.”

“थे काय राह्यते?”

रिनानं आईच्या मोबाइलवर फोटो दाखवला. पत्रूभाऊंनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. “हा त उंदीर हाय! शेपटी तुटलेला.”

जन्मभर त्यांनी ढोल्यातलं धान खाणाऱ्या उंदरांशी वैर केलं होतं. पिंजरे लावले, मांजरी पाळल्या, एकदा तर चिडून बिळात पाणी ओतता ओतता स्वतःच्याच चुलीत ओतलं होतं. आता तीच जात दुकानातून आणायची! पण पट पंधरा-वीस दिवसांवर आलेला. मधल्या खुर्चीवर आपल्या जागी गावातला झाडू नावाचा तो म्हातारा बसून विडी ओढतोय, हे चित्र त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागलं. ज्या झाडूला गाईचं शेपूट आणि बैलाचं शेपूट यातला फरक कळत नाही, तो झाडू!

“मामाजी,” सून करिष्मा म्हणाली, “घरात उंदीर शिरला त आपण गोळ्या ठेवतो, अन् तुमी इकत आणून राह्यले?”

“इकतचा उंदीर पाहुणा असते, बाई,” पत्रूभाऊ म्हणाले आणि रिनाचं बोट धरून चंद्रपूरच्या बसमध्ये बसले.

मासे, लव्हबर्ड आणि सशांचं ते दुकान मिथुन नावाचा तरुण चालवायचा. काचेच्या पेटीत सात-आठ पिल्लं एकावर एक झोपली होती. पत्रूभाऊंनी मिथुनला सगळी सुटी सुटी ठेवायला लावली आणि कामाला लागले. आधी मागून, मग बाजूनं. एकाची पाठ वाकडी, सोडा. एकाचे डोळे पाणावलेले, सोडा. एकाचं शेपटीखालचं अंग ओलं होतं. “याले हगवण हाय,” म्हणून तेही सोडलं. मिथुन चकितच झाला. आठ गिऱ्हाइकांतलं एकही तिकडे बघत नाही, म्हणाला. पत्रूभाऊंची छाती दोन बोटं फुगली आणि त्या भरात ते एकाचे दात बघायला गेले. त्यानं कडकडून बोट चावलं.

“हा घ्या!” पत्रूभाऊ बोट झटकत म्हणाले. “जीव हाय याच्यात.”

रिनानं टाळ्या वाजवल्या. पण पत्रूभाऊ अजून पेटीतच बघत होते. “आता याच्या जोडीचा पाहू. हाच रंग, हीच उंची.”

“काकाजी, जोडी नाई,” मिथुन म्हणाला. “हे एकेकटंच ठेवा लागते. आता लहान हाय त आठ-पंधरा दिवस गुण्यागोविंदानं राह्यतीन. मोठे झाले का जीव घेतीन एकमेकाचा. दोघंबी नर हाय.”

पत्रूभाऊ गालात हसले. हा डाव त्यांच्या ओळखीचा होता. जनावरांच्या बाजारात चांगली जोडी दिसली की दलाल ती फोडतो. एक बैल आज विकतो, आणि दुसऱ्यासाठी तुम्ही आठ दिवसांनी परत येता तेव्हा मिशीवर ताव देत बसतो. चाळीस वर्षांत एकाही दलालानं पत्रूभाऊंना एकटा बैल गळ्यात मारला नव्हता, आणि हे कालचं पोर मारणार?

“पोट्ट्या,” ते म्हणाले, “एकटं कोणीच राहत नाई. एकटा बैल चारा सोडते. दे दुसरा.”

मिथुननं खांदे उडवले. येताना बसमध्ये रिनाच्या मांडीवर जोडी होती. एकाचं नाव तुफान ठेवलं, दुसऱ्याचं बादल. पटातल्या नावाजलेल्या जोड्यांना शोभतील अशी नावं.

तुफान आणि बादल दिवसभर झोपायचे. पत्रूभाऊंना आधी लाज वाटली. आपण निवडलेलं जनावर आणि असं आळशी! ते पेटीवर टिचक्या मारून त्यांना उठवायला लागले तेव्हा रिनानं त्यांचा हात धरला. “दिवसा उठवाचं नाई. माह्या वर्गातल्या पिंकीचा बी झोपते. सांजच्याला उठते तो.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुफानचे दोन्ही गाल लिंबाएवढे फुगले. पत्रूभाऊंनी गालगुंडाचं निदान केलं, हळद उगाळली, लेप गरम केला, आणि लेप लावायला हात पुढे केला तोच तुफाननं गालातून सूर्यफुलाच्या एकवीस बिया काढून कोपऱ्यात रचल्या. करिष्मा पदर तोंडाला लावून आत पळाली. हळद वाया जाऊ नये म्हणून पत्रूभाऊंनी ती स्वतःच्या चावलेल्या बोटाला लावली.

पण आठ दिवस गेले, दहा गेले, आणि जोडी एकमेकांच्या कुशीत झोपत होती. पत्रूभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटीजवळ नेऊन दाखवू लागले. आरा मशीनवरून भुसा आणायचा, पाण्याची बाटली रोज बदलायची, ओला कोपरा साफ करायचा, हे सगळं ते स्वतः करायचे. कांदा-लसूण द्यायचं नाही, अंघोळ घालायची नाही, हे रिनानं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. “दुकानदार म्हणे भांडतीन! अरे, जोडी कोणं निवडली!” बुधवारी निघायचं नक्की झालं.

मंगळवारी सकाळी रिना शाळेसाठी उठली आणि किंचाळली.

पेटीतल्या भुशावर रक्त होतं. बादल पळायच्या चाकाखाली अंग चोरून बसला होता, त्याचा एक कान फाटलेला. तुफान त्याच्या अंगावर परत धावून जात होता. पत्रूभाऊंनी दुपट्टा हाताला गुंडाळला, मध्ये हात घातला, दोघांचेही चावे खाल्ले आणि बादलला बाहेर काढून स्टीलच्या बादलीत ठेवलं. रिना भिंतीला टेकून हुंदके देत होती.

“त्या दादानं सांगतलं होतं,” ती म्हणाली. “तू आयकलंच नाई. आता बादल मरन.”

पत्रूभाऊंना त्या वेळी खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बैल परगावी जातो तशी ही चूक कुठं जाणार नव्हती. ती बादलीत थरथरत बसली होती. त्यांनी चहाही घेतला नाही. टॉवेलात बादली गुंडाळून ते तडक बस स्टँडवर गेले आणि दुकान उघडायच्या आधीच मिथुनच्या शटरसमोर उभे राहिले.

मिथुन भला माणूस. तो हसला नाही. कान पुसून त्यानं पावडर लावली, वाचेल म्हणाला, दुसरा पिंजरा दिला. पत्रूभाऊंनी पिंजरा हातात घेतला, दोन पावलं गेले आणि परत वळले. काहीतरी बोलणं भाग होतं.

“जोडीत खोट नव्हती,” ते म्हणाले. “दोघंबी एक नंबरचे निंगाले. दोन एक नंबर एका बैलबंडीले चालत नाई.”

“बरोबर हाय, काकाजी,” मिथुन म्हणाला.

घरी दोन पिंजरे ठेवायला करिष्मानं साफ नकार दिला. मग ठरलं, तुफान रिनाकडे राहील आणि बादल आजोबांबरोबर गावी जाईल. कान चार दिवसांत सुकला. जायच्या सकाळी रिनानं स्वतः दोन्ही चपला दारात आणून ठेवल्या. शब्द म्हणजे शब्द. पत्रूभाऊंना ते बघवलं नाही, म्हणून ते नको तितकं बोलू लागले.

“पाह्य बेटा, काही काही जीव एकटेच मजेत राह्यते. हा बादल पाह्य. मी बी त्याच जातीचा हाय.”

रिनानं एकदा बादलकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे.

एरंडटोल्यात पिंजरा उतरताच पानठेल्यावर गर्दी जमली. झाडूनं पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. “पत्रूभाऊ, पटात हा एकटाच जुंपता का संग तुमी बी धावता?” पत्रूभाऊंनी त्याला तिथल्या तिथे दोन शेलक्या शिव्या घातल्या आणि त्यांना फार दिवसांनी मोकळं वाटलं. पट झाला. मधली खुर्ची मिळाली. दोन दिवस धुरळा, आरडाओरडा, पाहुणे, मटणाचं जेवण. तिसऱ्या दिवशी मंडप सुटला, पाहुणे गेले, झाडूही मुलीकडे निघून गेला.

पत्रूभाऊ अंगणात बसले. बादल पिंजऱ्यात झोपला होता. त्यांनी पिंजरा झाडला, पाणी बदललं, बिया ठेवल्या. दहा मिनिटांचं काम. मग पुन्हा बसले. स्वयंपाकघरात जाऊन डब्यातले मुरमुरे खाल्ले. एका माणसासाठी भात टाकायचा म्हणजे भांडं तेवढंच घासावं लागतं. बादलशी ते बोलत होते, पण तो दिवसा उठायचा नाही आणि उठला की चाकावर चढायचा, वळूनसुद्धा बघायचा नाही. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी बल्लारपूरला फोन लावला.

“रिना, बादलचं काही खरं नाई व,” ते पडलेल्या आवाजात म्हणाले. “तुफानची याद करते वाटते. करमून नाई राह्यलं त्याले. खात नाई काही.”

रिनानं सुरुवात केली.

“काल बिया ठेवल्या होत्या?”

“ठेवल्या होत्या.”

“त्या गेल्या का?”

पत्रूभाऊंनी पिंजऱ्यात पाहिलं. खोटं बोलायची इच्छा होती, पण जनावराच्या बाबतीत ते जमेना. “गेल्या.”

“चाकावर पळते?”

“पळते.”

“दिवसा झोपते?”

“घोरते म्हन ना.”

“मंग तो मजेत हाय, आबाजी,” रिना म्हणाली. “तू काय जेवला?”

पत्रूभाऊंनी विडी चाचपली, ती खिशात नव्हती.

“मुरमुरे,” ते म्हणाले.

“तू ये,” रिना म्हणाली. “अन् त्याले संग आणजो. मी आईले सांगतो. त्याचा पिंजरा तिकडच्या खोलीत ठेवू. तू माह्याजवळ झोपजो.”