सासऱ्यांची जीभ

माझे सासरे एकतीस वर्षं पाणी चाखायची नोकरी करत होते. लग्न ठरताना मला ही नोकरी सांगितली, तेव्हा वाटलं होणाऱ्या जावयाची चेष्टा चाललीय. पण नाही. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी दहा वाजता त्यांच्यासमोर सहा ग्लास मांडले जायचे, सहा वेगवेगळ्या भागांतल्या नळांचे. ते ग्लासवर तळहात ठेवून तो हलवायचे, हात काढून हुंगायचे, एक घोट तोंडात घोळवायचे, बेसिनमध्ये थुंकायचे आणि कागदावर आकडा लिहायचे. शून्य म्हणजे कसला वास नाही, कसली चव नाही, उत्तम. पाच म्हणजे नळ बंद करा आणि लोकांना कळवा. यंत्रं होतीच. पण शेवाळाचा मातकट वास यंत्राच्या आधी माणसाच्या नाकाला लागतो, असं त्यांचं म्हणणं. खात्यात सगळे त्यांना नितळसाहेब म्हणत.

या नोकरीपायी घरालाही शिस्त होती. कांदा-लसूण फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी. अत्तर नाही, दाढीनंतरचं लोशन नाही. माझ्या बायकोनं कॉलेजात असताना सेंटची पहिली बाटली घेतली, ती तीन वर्षं मैत्रिणीच्या कपाटात राहिली. नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात ना, तो मी प्रत्यक्ष पाहिला.

निवृत्त झाले आणि त्या नाकाला काम उरलं नाही. मग ते घरात काम शोधू लागलं. दुधाला फ्रिजचा वास येतोय. टॉवेल नीट वाळला नव्हता. बटाटे कोणीतरी रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवले होते. सासूबाई मेटाकुटीला आल्या.

"अहो, तुम्ही माणूस आहात की पोलिसांचं कुत्रं?" त्या एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या.

ते उठले. खिडकीपाशी जाऊन बसले. त्या काळात ते तिथेच बसलेले असत. घरी परतताना बायको म्हणाली, "बाबांचा शर्ट बघितलास? गळ्यात दोन बोटं जातील इतका सैल झालाय."

माझा छापखाना आहे, बाटल्यांची लेबलं छापायचा. गिऱ्हाइकांत बिअर बनवणारे बरेच. नवं लेबल छापून झालं की ते दोन-चार बाटल्या भेट देऊन जातात. मी बेताचा पिणारा, त्यामुळे बाटल्या कपाटावर साठत जातात. त्याच आठवड्यात एकानं लेबलासाठी मजकूर पाठवला होता: ‘पिकल्या केळ्याचा गंध, लवंगेची हलकी झाक.’ मी तो वाचला आणि मला सासरे आठवले.

आता सासऱ्यांसमोर बिअरची बाटली ठेवणं काही सोपं नव्हतं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. त्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसलो नव्हतो. शेवटी रविवारी दुपारी सहा बाटल्या पिशवीत घालून गेलो आणि दारातच थाप मारली.

"बाबा, गिऱ्हाईक लेबलावर वाट्टेल ते लिहून आणतात. खरं आहे की खोटं, मला कळत नाही. तुम्ही जरा बघता का?"

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बिअर?"

"हो."

"मी पीत नाही."

"तुम्ही पाणी तरी कुठे पीत होतात? थुंकतच होतात की," सासूबाई आतून म्हणाल्या.

पाच मिनिटांत बाहेरच्या खोलीची प्रयोगशाळा झाली. टेबलावर पांढरी चादर, एकसारखे ग्लास, मध्ये तोंड साफ करायला कोरडा पाव. लेबल दिसता कामा नये, म्हणून सासूबाईंनी बाटल्यांना मोजे चढवले. सासऱ्यांनी पहिला मोजा हुंगला. "साबण." मोजे गेले. मग वर्तमानपत्र गुंडाळलं. "शाई." शेवटी चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या सहा बाटल्या ओळीनं उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाह्या दुमडल्या. कित्येक महिन्यांत त्यांना असं ताठ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

गव्हाची बिअर पहिली आली. त्यांनी हुंगली आणि दचकून मान मागे घेतली. "केळं! आणि लवंग. पिंपात कोणीतरी काहीतरी टाकलंय." एक घोट, बेसिन, आणि कागदावर पाच.

काळी बिअर. "जळका पाव. शिळी कॉफी. पाच."

तिसरीला संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या लाकडाचा वास होता, शिवाय कडू. पाच. चौथीला धुराचा. तीही पाच. पाचवी साधी, फिकट पिवळी, दुकानात सगळीकडे मिळते ती. तिच्यापाशी ते थांबले, चेहरा खुलला. "ही बरी आहे. जवळजवळ पाणी. एक."

मी हसू दाबत होतो. सासूबाईंनी दाबलं नाही. त्या हसत हसत पुढे आल्या, गव्हाच्या बिअरचा ग्लास उचलला आणि सरळ दोन घोट घेतले. जन्मात पहिल्यांदा. आम्ही दोघं बघतच राहिलो.

"मला ही आवडली," त्या म्हणाल्या.

"आवडली हा शेरा नसतो," सासरे म्हणाले.

"का नसतो?"

"वास आहे, चव आहे, गढूळ आहे. यात आवडीचा प्रश्न येतो कुठे?"

"अहो, पाण्यात नसेल येत. पण लोक हे पितात कशाला? आवडतं म्हणूनच ना?"

सासऱ्यांनी सहावी बाटली पुढे ओढली. तीही चाखली. मी निघालो तेव्हाही ते कागदाकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात फोन आला. "ती केळ्याची बाटली," ते हळू आवाजात म्हणाले, "तशी अजून आहे का एखादी?"

मग दर रविवारची दुपार ठरूनच गेली. पुढच्या वेळी त्यांनी स्वतः रेघा मारून नवा तक्ता केला होता. रंग, फेस, वास, चव, घोट गेल्यावर मागे काय राहतं, असे रकाने, आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना, ‘आवड’. तो सासूबाईंनी भरायचा. त्यांचे शेरेही त्यांच्यासारखेच. ‘पावसात भिजलेल्या सतरंजीसारखी, पण वाईट नाही.’ ‘ही पाहुण्यांना द्यावी, म्हणजे लवकर जातील.’ माझी बायकोही येऊ लागली. वडिलांच्या घरात तिनं पहिल्यांदाच सेंट लावून यायचं धाडस केलं आणि तिला चाखण्याच्या वेळात गॅलरीत बसवण्यात आलं.

सासरे थुंकायचे थांबले ते आंबट बिअरच्या दिवशी. पहिल्या घोटालाच त्यांनी डोळे घट्ट मिटले. "नासलीय."

"नाही बाबा, ती मुद्दाम तशी करतात. महिनोन्‌महिने पिंपात आंबू देतात."

"मुद्दाम?"

"हो."

"म्हणजे शहाणीसुरती माणसं चांगली बिअर घेतात, ती नासेपर्यंत धीर धरतात आणि मग लोकांना विकतात?"

"आणि लोक रांग लावून घेतात."

त्यांनी पुन्हा घोट घेतला, खात्री करायला. मग तिसरा. तिसरा गिळला गेला, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, आणि ते हसायला लागले. खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायको गॅलरीतून धावत आत आली. तिला वाटलं ठसका लागला.

अशा बातम्या इमारतीत लपत नाहीत. चौथ्या मजल्यावर कपडे शिवून देणाऱ्या एक बाई राहतात. गळ्यात कायम मापाची टेप, बोलणंही कातरीसारखं, झटपट आणि सरळ. त्यांना घरी बिअर बनवायचा नाद होता. स्वयंपाकघरात मोठं पातेलं, खाटेखाली पिंप. त्या बिअरची इमारतीला धास्तीच होती. सगळे तोंडावर वाहवा करायचे आणि बाई वळल्या की मोरीत ओतायचे. एका रविवारी त्या बाटली घेऊन आल्या आणि सासऱ्यांसमोर बसल्या.

"खरं सांगायचं हं. माझ्या बहिणीसारखं नाही. खरं म्हणजे तिच्यासारखंच सांगा. ती बोलली आणि मी महिनाभर तिच्याशी अबोला धरला."

सासऱ्यांनी हुंगलं. बराच वेळ. त्यांच्या चेहऱ्यावर नवलाईचं काही नव्हतं. जुना ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा, तसे भाव होते.

"जखमेवर लावायची चिकटपट्टी," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला. "बहीण म्हणाली दवाखाना." त्या टेप बोटाला गुंडाळू लागल्या. "मी जव बदलले. यीस्ट बदललं. पातेलं नवं घेतलं. दोन वर्षं हाच वास. हात पांढरे झाले घासून घासून."

"आणि पाणी?"

"पाणी काय, पाणी म्हणजे पाणीच की!"

सासऱ्यांना चिडलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. "पाणी म्हणजे पाणीच?" ते उभे राहिले. "एकतीस वर्षं मी काय केलं मग?" आणि पायात सपाता तशाच ठेवून जिना चढू लागले. आम्ही सगळे मागे.

चौथ्या मजल्यावर त्यांनी नळ सोडला, जरा वाहू दिला, ग्लास भरला, तळहात ठेवून हलवला, हुंगला. आम्ही दारात दाटीवाटीनं उभे.

"औषध," ते म्हणाले. "जंतू मारायला आम्हीच टाकतो. ते हवंच. नसतं तर अर्धं शहर आजारी पडलं असतं. पिताना ते कळतही नाही. पण जवाच्या पाण्याशी त्याची गाठ पडली की हा वास धरतो. तुमच्या हाताला दोष नाही, बाई. दोष असलाच तर माझ्या खात्याच्या इमानदारीचा."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "दोन वर्षं," त्या म्हणाल्या, आणि मग, "आता मला बहिणीला फोन करायला लागणार."

पुढचा आठवडा सासऱ्यांचा पाय घरात ठरेना. तीन तऱ्हांनी पाणी तयार झालं. एक उकळून गार केलेलं, एक रात्रभर उघडं ठेवलेलं, एक कोळशाच्या फिल्टरमधून हळूहळू गाळलेलं. रोज सकाळी दहा वाजता चौथ्या मजल्यावर सहा ग्लास मांडले जायचे, प्रत्येक तऱ्हेचे दोन. बाई शिलाईमशीन थांबवून समोर बसायच्या. हलवायचं कसं, हुंगायचं कधी, हे त्यांनाही शिकवलं गेलं. कोळसा जिंकला. त्या पाण्याला सासऱ्यांनी शून्य लिहिलं आणि खाली सहीसुद्धा केली.

बिअर व्हायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत सासऱ्यांनी किमान सहा वेळा तरी खाटेखाली वाकून पिंपाची चौकशी केली असेल. मग एका रविवारी बाई एका बाटलीऐवजी चार घेऊन आल्या, सोबत बहीण. फेस चढला, बोटभर उंच, पांढराशुभ्र. सगळे सासऱ्यांकडे बघत होते. बहीणही.

सासऱ्यांनी हुंगलं. घोट घेतला, गिळला. दुसरा घेतला. पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली.

"बोला ना हो," बाई म्हणाल्या. "चिकटपट्टी?"

"मला वाटतं," सासरे अवघडून म्हणाले, "मला अजून अर्धा ग्लास लागेल."

बाईंनी अर्धा नाही, काठोकाठ भरला. बहिणीनं आपला ग्लास रिकामा करून बाईंना मिठी मारली. दोघींच्या मध्ये मापाची टेप अडकली आणि ती सोडवताना आणखीच गुंतली. सासूबाईंनी उजवीकडच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि आम्हाला दाखवलं नाही. मी मात्र त्याच आठवड्यात बाईंसाठी चाळीस लेबलं छापून दिली. वर्णन सासऱ्यांकडून घेतलं: ‘भाजलेला पाव, थोडा मध, शेवटी जरा कडू. दुसरं काहीही नाही.’ एवढं खरं लेबल माझ्या छापखान्यातून तोवर बाहेर पडलं नव्हतं.

हे सगळं गेल्या वर्षीचं. आता इमारतीतलं कोणी काही मोरीत ओतत नाही. उलट रविवारी खुर्च्या कमी पडतात. सासऱ्यांच्या शर्टाचा गळा पुन्हा नीट बसतो. मध्ये माझ्या एका गिऱ्हाइकानं सासू-सासऱ्यांना आपला बिअरचा कारखाना बघायला बोलावलं. बसनं तीन तासांचा प्रवास. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच काम नसताना कुठे गेली असतील. तिथून सासरे भाजलेल्या जवाचं पोतं खांद्यावर टाकून परतले आणि सासूबाई हातात भलंमोठं झाकणाचं पिंप घेऊन.

"घरात ठेवणार कुठे?" बायकोनं विचारलं.

"न्हाणीघरात. तिथं गारवा बरोबर आहे, मी मोजलाय," सासरे म्हणाले.

"आणि अंघोळ?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. याचा विचार कोणी केलाच नव्हता.

म्हणून सध्या रोज सकाळी सात वाजता आमची बेल वाजते. दारात सासू-सासरे, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाच्या डब्या. अजून चार आठवडे हे चालेल म्हणतात. मी छापखान्यात उशिरा पोहोचतो. बायको चहाचं आधण दोन कप जास्त ठेवते आणि गाणं गुणगुणत असते. परवा ती म्हणाली, "हे पिंप झालं की त्यांना दुसरं घ्यायला सांग. आधीच्याहून मोठं."