तिसऱ्या विहिरीचे नाव

आदरणीय रूथबाईंची आणि माझी पहिली भेट तिरोड्याला, त्यांच्या घराच्या ओसरीवर झाली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, दृष्टी मंदावलेली, आणि बायबलमधील हिब्रू स्थळनामांचा त्यांचा मराठी कोश अर्धा राहिलेला. वाचून दाखवणारे कोणी तरी हवे होते. मी पहिलेच नाव वाचले, ‘बेथलेहेम’. बाई डोळे मिटून म्हणाल्या, “भाकरीचं घर.” समोर शेताच्या बांध्यांत उभे धान वाऱ्यावर हलत होते. क्षणभर मला वाटले, ते गाव पाटाच्या पलीकडेच आहे. चालत गेले तर संध्याकाळपर्यंत पोचता येईल.

त्या नावाखाली बाईंनी आणखी एक ओळ लिहून घेतली : काही अभ्यासकांच्या मते हे नाव मुळात एका जुन्या देवतेचे असावे. बाई रोज प्रार्थना करणाऱ्या. माझा हात थबकला. “लिही गं,” त्या म्हणाल्या, “नावाला आपल्या आधीही आयुष्य असतं.” जिथे अर्थ सापडत नाही, तिथे त्या सरळ ‘माहीत नाही’ असे लिहायला लावतात.

आमचे घर बौद्ध, आणि घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझे दर रविवारचे जाणे पाहून गावात कुजबुज सुरू झाली, “पोरगी धरम बदलवून राहिली.” बाबांनी माझे जाणे बंद केले. ते सारे जग मिटले असे वाटून मी खूप रडले. हे कळताच बाई ऑटो करून आमच्या घरी आल्या.

बाबांनी त्यांना पाणी दिले आणि विचारले, “बाई, पोरीले तुमच्या धरमात नेऊन राहिल्या का?”

“नाही भाऊ, विहिरीवर नेऊन राहिली,” बाई हसल्या आणि त्यांनी इसहाकाची गोष्ट सांगितली. त्याच्या माणसांनी विहीर खणली, तर तिथले गुराखी म्हणाले, पाणी आमचे. त्या विहिरीचे नाव पडले एसेक, म्हणजे भांडण. दुसरीवरही तेच झाले. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. तो पुढे निघाला. तिसरीवर कोणी भांडले नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटले. मोकळी जागा.

माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. बाबांनी विचारले, “तिसरीवर काऊन नाही भांडले?”

“माहीत नाही, भाऊ. पोथीत लिहिलं नाही. मी कायले रचून सांगू?”

बाबा माझ्याकडे वळले. “जाय व पोरी. जिले माहीत नाही म्हणता येते, ते बाई तुले फसवणार नाही.”

आज मी एम.ए. करते आहे. रविवारी बाबाच मला सोडायला येतात आणि परत न जाता ओसरीवर बसून ऐकतात. मधेच विचारतात, “हे गाव अजून हाय का जी?” मग बाई त्यांना त्या गावात फिरवून आणतात.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या आमच्या बाईंना निरोगी, निवांत आयुष्य भरभरून लाभो. कोशातली पुष्कळ गावे अजून व्हायची आहेत. वाचायला मी आहे, विचारायला बाबा आहेत. सांगायला बाई हव्यात.