वर जागा सोड, बेटा

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. आणि चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा ऑफिसातल्या एकीच्या नाकातून चहा आला आणि तिची पांढरी कुर्ती कायमची कामातून गेली.

कुठून सुरू करू? माझ्यातला कलाकार जागा झाला तिथून करते. सगळा गोंधळ त्यानेच घातला.

लहानपणी मी चित्रं काढायचे. वहीत, भिंतीवर, एकदा तर झोपलेल्या आबांच्या टकलावर. मग इंजिनीअरिंग झालं, बायपासवरच्या एका ऑफिसात नोकरी लागली, आणि गेली तीन वर्षं मी एक्सेलच्या चौकोनांत रंग भरतेय. पिवळा म्हणजे पेंडिंग, लाल म्हणजे बोंब. एवढीच काय ती कला उरली होती.

अशात माझा चुलतभाऊ बंगलोरला गेला आणि जाताना त्याचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात टाकून गेला. मी लगेच नवशिक्यांसाठी असतं तसलं पोर्ट्रेटचं वर्कशॉप केलं. दोन रविवार. शिकवणाऱ्या सरांची पोनीटेल माझ्या वेणीपेक्षा लांब होती, त्यामुळे त्यांच्या ज्ञानाबद्दल शंकाच नव्हती.

सर म्हणाले, "चेहऱ्याच्या जवळ जा. अजून जवळ! फ्रेम भरून टाका. उजेड एका बाजूनं, दुसरी बाजू अंधारात. आणि जे नको ते बेधडक कापा!"

शेवटचं मला फार आवडलं. कापा! असं मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या घरात सगळे 'सांभाळून घे' सांगणारे.

आता मॉडेल कुठून आणायचं? घरात गप्प बसू शकणारा माणूस एकच. आबा, म्हणजे माझे आजोबा. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त, जवानी सगळी महूच्या छावणीत गेलेली. हलू नका म्हटलं तर श्वाससुद्धा विचारून घेतात. पहिल्या दिवशी, कॅमेरा चालतो का ते बघायला, मी त्यांचा एक फोटो काढला. समोरून, सरळ. कला वगैरे काही नाही. मी तो डिलीटच करणार होते, पण आबा म्हणाले, "माझ्या मोबाईलवर पाठव."

पाठवला. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आबांनी तो सगळ्यांना दाखवला. आणि दुपारपासून माझा फोन थांबेना!

"प्रज्ञा बेटा, आबांचा फोटो पाहिला. मस्त आला यार!" या शेजारच्या शकूमावशी, वय वर्षं बाहत्तर. "माझा पण काढून दे ना. पण जल्दी."

"जल्दी कशाला मावशी?"

"काय भरोसा?"

मला वाटलं, माझ्या वेळेचा. किती बिझी आर्टिस्ट आहे मी, हे लोकांना कळायला लागलं!

मग वानखेडे काकांचा फोन. ते आबांचे महूपासूनचे दोस्त आणि सगळ्या जगाला भिया, म्हणजे भैया, म्हणतात, मलाही. "क्यों भिया, अपना भी एक हो जाए? बारा बाय अठरा पाहिजे. आमच्या हिचा तेवढाच आहे, जोडीला बरा दिसला पाहिजे."

काकू जाऊन दोन वर्षं झाली, हे मला माहीत होतं. काकूंचा फोटो हॉलमध्ये असतो, हेही माहीत होतं. पण तुम्हाला सांगते, कलाकाराला दोन आणि दोन चार करायला वेळ नसतो. मी म्हटलं, वा! ज्येष्ठ नागरिकांमध्ये इंटिरिअर डिझाइनची जाण आली!

संध्याकाळपर्यंत आबांसकट सहा जणांनी नंबर लावले. मी स्टेटस टाकलं, "लवकरच येत आहे: चेहरे, एक पोर्ट्रेट मालिका." आईनं ते बघितलं आणि मला म्हणाली, "चांगलं काम करून राहिली तू. या वयात म्हाताऱ्या माणसांच्या मनाचं करावं." मला वाटलं, चला, आईला कला कळली.

पुढच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये सगळे हजर. इस्त्रीचे कपडे, डोक्याला तेल, खिशात कंगवे. आणि मग सुरू झाला सल्ल्यांचा मारा.

"बेटा, वर जागा सोड."

"मागे साधं ठेव, परदा नको."

"गळ्याखाली छातीपर्यंत घे, हां!"

"दात दाखवू का?" शकूमावशींनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "नको. लोक म्हणतील, हसून काय राहिली? हलकंसं ठेवते. समाधानी."

मला मोठ्यांचं हेच सहन होत नाही. कॅमेरा आयुष्यात धरला नाही, पण सल्ला तयार! मी सरळ झापलं. "मावशी, वर जागा सोडली की चेहरा छोटा होतो. ती डेड स्पेस असते!"

"हां, तेच," वानखेडे काका शांतपणे म्हणाले. "तेवढी ठेव."

नाही ठेवली. मी इतकी जवळ गेले की शकूमावशींच्या श्वासानं लेन्सवर वाफ धरली. काकांना खिडकीशी बसवून अर्धा चेहरा अंधारात घातला. दोघांची कपाळं कापली, हनुवट्या कापल्या. कापा!

सगळ्यांत शेवटी आबा आले. फौजेचा ब्लेझर, त्यावर मेडल. सकाळपासून ती मेडल टूथपेस्टनं घासत बसले होते.

"बाळा, साधा सरळ काढ," आबा म्हणाले. "त्या दिवशी काढला होता तसाच, पण मेडल येऊ दे. आजीच्या बाजूला लागेल असा."

आजी चार वर्षांपूर्वी गेली. तिचा फोटो आमच्या हॉलमध्ये लागलेला आहे. त्यात तिच्या खांद्यावर एक हात आहे, लाल नेलपॉलिशवाला. हाताचा माणूस कापलेला. तो हात कोणाचा, ते नंतर सांगते. आत्ता नको, आधीच कमी इज्जत राहिली आहे.

"आबा, प्लीज!" मी म्हटलं. "साधा सरळ फोटो आधार कार्डावर असतो. आणि मेडल चमकतात, डोळ्यांवरून लक्ष जातं. काढा ती."

आबांनी एक एक मेडल काढून रुमालात ठेवलं. सुभेदार माणूस, ऑर्डर ती ऑर्डर. मी क्लिक केलं. एक डोळा, अर्धं नाक, बाकी काळोख. काय फ्रेम होती!

त्याच्या पुढच्या रविवारी मी प्रदर्शन ठेवलं. हॉलमध्ये दोरी बांधली, कपड्यांच्या चिमट्यांनी बारा बाय अठराचे सहा फोटो टांगले. आईनं पोहे केले, वरून शेव आणि जीरावन मसाला. वंदना आटोपून सगळे आले, दोरीसमोर उभे राहिले, आणि शांतता.

मला वाटलं, भारावले.

"मी कुठे आहे?" शकूमावशींनी विचारलं.

"ह्या काय तुम्ही, मावशी. हा तुमचा डोळा."

"आणि बाकीची मी?"

"भिया, माझा उजवा कान कुठे गेला?" वानखेडे काका.

"सावलीत आहे, काका."

"अरे, त्याच कानात नवीन मशीन लावलंय! खास दाखवायला आलो होतो!"

मी सुस्कारा टाकला. मोठ्या कलाकारांना त्यांच्या काळात कोणीच समजून घेत नाही, वगैरे. मी समजावणारच होते की कलेत जे दिसत नाही तेच खरं असतं. तेवढ्यात काकांनी पिशवीत हात घातला आणि चंदनाचा हार काढला. काकूंच्या फोटोवरचा. मापाला आणलेला.

आणि तो त्यांनी स्वतःच्या फोटोवर लावून बघितला.

हार नाकावर आला.

काकांनी वर सरकवला. हार डोळ्यावर. खाली सरकवला. तोंड बंद. कसाही लावा, हारामागे माणूस गुदमरल्यासारखाच दिसत होता.

"म्हणून म्हणत होतो, वर जागा सोड," काका म्हणाले.

"पण... हार कशाला?" मी विचारलं.

आईच्या हातातली पोह्यांची प्लेट तशीच राहिली. "प्रज्ञा, तुला माहीत नव्हतं?"

"अगं, हा फोटो नंतरसाठी आहे," शकूमावशींनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. "माणूस गेल्यावर पोरं मोबाईलमध्ये शोधत बसतात. काही सापडत नाही. माझ्या दिराचा आधार कार्डावरचा मोठा करून लावला. पुण्यानुमोदनाला आलेले लोक फुलं वाहायला घाबरत होते, इतका चोर दिसत होता बिचारा! म्हटलं, आपण आपल्या पसंतीचा आताच काढून ठेवू." मग त्यांनी दोरीवरच्या स्वतःच्या डोळ्याकडे पाहिलं. "पण हा लावणार असशील तर मी मरतच नाही, जा!"

सगळे हसले. काका तर मशीन हातात धरून हसले. मी कुठे बघू? समोरच्या भिंतीवर आजी होती. तिच्या खांद्यावर तो हात.

सांगते आता. तो हात माझा आहे. आजी गेली त्या दिवशी फोटो शोधायचं काम माझ्याकडे आलं. ताईच्या लग्नातला एक सापडला, मी आजीला मिठी मारलेला. दहा मिनिटांत स्वतःला कापलं आणि प्रिंटला पाठवला. आबा म्हणाले होते, "हात राहिला, बाळा." आणि मी म्हटलं होतं, "आबा, आता कोण बघतंय?"

चार वर्षं, रोज सकाळी, आबा बघत होते. म्हणून आपला तरी नीट असावा, एवढंच मागत होते. आणि मी त्यांची मेडल काढायला लावली.

त्याच दुपारी सगळे फोटो परत काढले. आई आणि शकूमावशींनी मागे चादर धरली. मी लांब उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा विचारलं, "कसा पाहिजे?" आणि गप्प ऐकलं. अवघड असतं हो हे! काकांचे दोन्ही कान आले, मशीनवर तर खास उजेड टाकला. आबांची मेडल मी स्वतः लावली. उलट्या क्रमानं लावली, त्यांनी काढून पुन्हा लावली. मग त्यांनी एकदा आजीकडे पाहिलं, मिशीखाली काहीतरी हललं, आणि मी बटण दाबलं. वर भरपूर जागा सोडून.

चांगला आला. खरंच चांगला आला. माझी कला त्यात शून्य होती, म्हणूनच बहुतेक.

आबा बराच वेळ तो फोटो बघत राहिले. मी म्हटलं, "आबा, आजीचा पण नीट करून देते. तो हात आता पुसता येतो, दोन मिनिटांचं काम."

"खबरदार!" आबा कडाडले. महूच्या परेड ग्राउंडवरचा आवाज. "तुझ्यामुळे चांगला आलेला तोच एक फोटो आहे या घरात."

"माझ्यामुळे?" मी खूष. "कसा काय?"

"त्यात तुझा हात हिच्या खांद्यावर आहे," आबा म्हणाले. "कॅमेऱ्यावर नाही."