सर, उलटं!

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. माळ्यावर जुन्या चपला साठतात तसे ते साठत जातात. टाकवत नाहीत, आणि मोजायलाही कुणी बसत नाही. आम्ही चौघं वारूळवाडीत खोली करून राहतो आणि नारायणगावात कॉलेजला जातो. संध्याकाळी स्टोव्हवर पिठलं रटरटायला लागलं की कुणीतरी सुरू करतं, "आमच्या शाळेत ना..." माझी पाळी आली की तिघं एका सुरात ओरडतात, "पांड्या, फेकू नको!"

आता काय सांगायचं यांना? मी फेकत नाही हो. माझी शाळाच तशी आहे!

डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. डिंभ्यापर्यंत एसटी, तीही तिच्या मर्जीने. पुढे दीड तास पायी. शाळेत विज्ञानाला लोहकरे सर, घंटा द्यायला आणि पाणी भरायला ठमामावशी, आणि या सगळ्यांवर ओरडायला हेडसर. कुठल्याशा योजनेत शाळेला फिल्म दाखवायचं एक मशीन मिळालं होतं. लोखंडी, जड आणि हट्टी. लोहकरे सर त्याला पोटच्या पोरासारखं जपायचे. आठवीपासून त्यात फिल्म ओवायचं काम माझ्याकडे होतं.

पडदा म्हणजे चुन्याने रंगवलेली भिंत. दाखवताना चूक व्हायचीच, आणि चूक झाली की अख्खी शाळा बेंबीच्या देठापासून ओरडायची, "सर, उलटं!" चित्र उलटं असो, तिरकं असो, नाहीतर आवाज गेलेला असो. आरोळी तीच.

* * *

पहिला धक्का तर मशीन सुरू व्हायच्या आधीच बसला.

भर दुपार. अंधार करायला पोरांनी घरून घोंगड्या आणलेल्या. त्या खिडक्यांना ठोकल्या, दार लावलं, दोनशे पोरं आत कोंबली, आणि लाईट गेली! सगळे अंधारात गप्प बसलेले. एका घोंगडीला उंदराने बारीकसं भोक पाडलं होतं. त्यातून उन्हाची तिरीप आत आली, आणि समोरच्या भिंतीवर रंगीत चित्र उमटलं. अंगण, आंब्याचं झाड, आणि हेडसर. खाली डोकं, वर पाय!

लाईट नाही, मशीन बंद, आणि हेडसर भिंतीवर!

"तंबाखूची पुडी सापडली तर दाखला हातात देईन," असं रोज प्रार्थनेला बजावणारे हेडसर. भिंतीवरच्या हेडसरांनी इकडे तिकडे पाहिलं, खिशातून काहीतरी काढलं, तळहातावर मळलं आणि वर थाप मारली. त्याच क्षणी बाहेरून आवाज आला, फट् फट्! चित्र आणि आवाज असे जुळलेले आमच्या मशीनवर कधी पाहिले नाहीत.

दोनशे पोरं ओरडली, "सर, उलटं!"

लोहकरे सर आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. "पोरांनो, बारीक भोक, उजेड, उलटी प्रतिमा! पुस्तकातला धडा आहे हा!" तेवढ्यात हेडसर तोंड पुसत आत आले. "काय उलटं आहे रे?"

ठमामावशी नेहमीप्रमाणे दाराबाहेर उंबऱ्याशी बसली होती. तिने एकही फिल्म कधी आत बसून पाहिली नाही. "भिंतीवर काय बगायचं? भिंत मी रोजच झाडते," म्हणायची. हेडसर लांब गेल्यावर ती मला म्हणाली, "बग पांडू, सरळ असतानी कुनाला दिसलं न्हाई. उलटं झाल्यावर दिसलं!"

* * *

मग सापाची फिल्म आली. 'सर्पदंश झाल्यास काय करावे.' दोन रिळं. लोहकरे सर चष्मा घरी विसरलेले, त्यामुळे दुसरं रीळ आधी लागलं.

आम्ही काय पाहिलं? एका माणसाला बाजेवरून दवाखान्यात आणलं. डॉक्टरने इंजेक्शन दिलं. माणूस उठला, हसला. मग रीळ बदललं. तोच माणूस शेतात गेला, बांधावर बसला, त्याला साप चावला, आणि तो आडवा झाला. संपली फिल्म!

मागच्या रांगेत तळेघरकडून आलेले एक पाहुणे बसले होते, ते गंभीरपणे म्हणाले, "सुई टोचून घेतली ना राव त्यानं? मंग चावनारच!"

आम्ही हसलो. पण पुढच्याच आठवड्यात नर्सबाई लस टोचायला आल्या, आणि बघतो तर काय, पहिली ते चौथीचे वर्ग रिकामे! सगळी चिल्लीपिल्ली डोंगरावर. सर दोन्ही रिळं काखेत मारून त्यांच्या मागे चढत होते आणि ओरडत होते, "आधी साप! आधी साप रे, मग सुई!" ते ऐकून पोरं आणखी वर पळाली.

* * *

मशीनला एक खटका होता. एका बाजूला केला की फिल्म सरळ चालायची, दुसऱ्या बाजूला केला की उलटी. हा खटका अडकायचा. एकदा अडकला की सरांच्या बापाचंही ऐकायचा नाही. अंगठ्याने दाबून धरायचं आणि चपलेचा एक नेमका फटका द्यायचा. ती कला फक्त मला जमायची. माझी शाळेतली सगळी इज्जत त्या चपलेवर होती.

मी तापाने घरी होतो त्या दिवशी नाचणीच्या पौष्टिकपणावरची फिल्म होती. पोरांनी नंतर सांगितलं, खटका उलट्यावर अडकला. भिंतीवरच्या बाईच्या तोंडातून नाचणीच्या भाकरीचे तुकडे बाहेर येऊ लागले! एकेक करून ते तिच्या हातात चिकटले, त्यांची अख्खी भाकरी झाली, ती तव्यावर गेली, तव्यावरून परातीत, आणि परातीत तिचं पीठ झालं. गलका ऐकून मावशीने दारातून नुसती मान आत घातली, बघितलं आणि डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आगं बया! खाल्ल्यालं परत येतंय. मंग दुष्काळ सरला म्हनायचा!"

आणि पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली.

* * *

आगीचा दिवस मात्र महागात पडला. पालकसभा होती. फिल्म मध्येच अडकली. मशीनचा दिवा असा तापट, की फिल्म एका जागी थांबली की जळतेच. भिंतीवर एक शेतकरी हसत उभा होता. त्याच्या गालावर तपकिरी डाग पडला. डाग वाढला, फुगला, नाक गेलं, डोळे गेले!

"आग! आग!" पहिली रांग दुसऱ्या रांगेच्या अंगावर. हेडसर धावले, पिंपातून बादली भरली, आणि थेट भिंतीवर ओतली! मशीन मागे धुमसतंय, आणि हे भिंत विझवतायत!

लोकांना हसू आवरेना. हेडसर निथळत्या भिंतीसमोर बादली हातात घेऊन उभे होते. त्यांनी सगळ्यांदेखत सरांना सांगितलं, "लोहकरे, आणखी एक चूक, की हे मशीन डेडस्टॉकात. मी स्वतः शिक्षण खात्याच्या साहेबांना बोलावून निर्लेखन करून घेईन." निर्लेखन म्हणजे रजिस्टरवर काट मारायची आणि वस्तू भंगारात द्यायची. मला तर रडू येत होतं.

* * *

दहावी झाली आणि मी कॉलेजात आलो. इथे मला कुणी पांडू म्हणत नाही. मी हजेरीपटावरचा दोनशे चौदा.

पहिल्याच महिन्यात एका प्राध्यापकांनी मशीनवर काचेसारखी पट्टी ठेवून आकृती दाखवली. नवं कोरं, चकचकीत मशीन. आकृती उलटी पडली! मी श्वास रोखून वाट बघत होतो. आता आरोळी उठणार. आता!

एकही जण बोलला नाही. शंभर पोरांनी माना तिरक्या केल्या आणि वहीत उतरवायला सुरुवात केली. वीस मिनिटं! शेजारच्याला मी म्हटलं, "अरे, उलटं आहे." तो म्हणाला, "परीक्षेला हेच येईल, गप लिही."

मला त्या चुकीचा नाही, त्या शांततेचा धक्का बसला. त्या दिवशी शाळेची जी आठवण आली, ती सांगता येत नाही. तेव्हापासून मी दर शनिवारी डिंभ्याची एसटी धरतो. घरचे विचारतात, कॉलेज सोडून शाळेत काय काम? मी सांगतो, "सरांचं मशीन अडकलंय." हे एकच कारण माझ्याकडे होतं. मशीन गेलं असतं, तर मी कुठल्या तोंडाने त्या दारात जाणार होतो?

* * *

आणि मग गेल्या महिन्यात सरांची चिठ्ठी आली. 'शनिवारी साहेब निर्लेखनाला येतात. शाळेत कॉम्प्युटर येणार, जुनं मशीन नको म्हणतात. एक फिल्म बघून ठरवा, अशी विनंती केली आहे. चप्पल घेऊन ये.'

मी पहाटेच निघालो. कुठली फिल्म दाखवायची, ते हेडसरांनी ठरवलं होतं. कपाटाच्या तळाशी एक गंजका डबा होता. त्यावर चिठ्ठी, 'धरण'. हेडसर म्हणाले, "सरकारी काम दाखवा, साहेब खूश होतील." सरांनी तो डबा इतक्या वर्षांत कधी उघडला नव्हता. आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांची घरं त्याच धरणात बुडालेल्या गावातून वर आलेली आहेत. ठमामावशीचंही.

सकाळी सरांनी आणि मी फिल्म एकदा शेवटपर्यंत चालवून पाहिली. शेवटी नुसतं पाणी होतं. सर म्हणाले, "गुंडाळून घे मागं." मी खटका उलट्यावर केला, आणि लाईट गेली. ती अकराला आली, तेव्हा साहेब पहिल्या खुर्चीवर, मांडीवर कागद, हातात उघडं पेन. मागे पोरं, आयाबाप, अख्खी वाडी. आणि दाराच्या आत, भिंतीला टेकून, पहिल्यांदाच, ठमामावशी.

"करा सुरू!" हेडसर म्हणाले. सरांनी बटण दाबलं. खटका उलट्यावरच राहिला होता. ही चूक माझी, सरांची नाही.

भिंतीवर पाणी आलं. स्पीकरमधून कुणीतरी उलटं बोलू लागलं, सरांनी घाबरून स्पीकरची वायर उपटली. मी खटक्यावर चप्पल मारली. हलेना! थांबवावं तर फिल्म जळणार. मी आरोळीची वाट बघत डोळे मिटून घेतले.

आरोळी आलीच नाही.

डोळे उघडले. पाणी उतरत होतं. आधी देवळाचा कळस वर आला, मग शिखर, मग पायऱ्या. पाण्याखालून बांध निघाले, वाट निघाली. डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं आमच्याकडे तोंड करून, मागे मागे चालत गावात गेली. ट्रकमधली कौलं उडून छपरावर बसली. एका घरासमोर एक माणूस पाठीवर दार घेऊन आला, त्याने ते चौकटीला बसवलं आणि दोनदा लोटून बघितलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मावशी, तुझं मालक." मालक जाऊन दोन वर्षं झाली होती.

"अहो, हे काय चाललंय?" साहेब ताडकन उठले. "उलटं आहे हे!"

अख्ख्या खोलीत तेवढे एकटेच ओरडले. एकाही पोराने मान वळवली नाही.

फिल्म सुरुवातीला येऊन संपली. सकाळचं गाव. दारं लावलेली, छपरांतून धूर. मी घाईघाईने चप्पल हाणली आणि आता, मेला, खटका सुटला. हेडसरांनी कपाळाला हात लावला. सर माझ्याशेजारी मान खाली घालून उभे होते.

"झाला तमाशा?" साहेब खाली बसले आणि पेन कागदावर टेकवलं. "आता जरा सरळ दाखवा, म्हणजे मला सही करता येईल."

मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात ठमामावशी उठली. पोरांमधून वाट काढत आली आणि मशीनसमोर उभी राहिली. तिने आपला तळहात भिंगावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या सायेब," ती म्हणाली. "सरळ आमी पायलंय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि मला विचारलं,

"पोरा, परत उलटं लावता येईल का?"